डावखुरीची खोली

"काकू उठल्या नाहीत का अजून?" फाटक कोपराने ढकलत कंत्राटदार बाईंनी विचारलं. त्यांच्या एका हातात लाकडी खुंट्यांचा जुडगा होता आणि दुसऱ्या हातात मोजपट्टी.

"नाही," मास्तर म्हणाले. "झोपू दे तिला जरा."

बोलून झाल्यावर मास्तरांना स्वतःचाच आवाज ओळखू येईना. इतका सहज, इतका रोजचा. जणू खरोखरच ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून, पांघरूण कानापर्यंत ओढून झोपली होती. बायकोला जाऊन दोन महिने झाले होते.

"रात्री खोकल्या का फार?"

"हो."

"मग झोपू दे. मी आवाज न करता आखणी करून घेते. खोदायचं मशीन यायला वेळ आहे अजून." आणि त्या धट्ट्याकट्ट्या बाई, चिखलाचे बूट घातलेल्या, चक्क चवड्यांवर चालत घराच्या कडेने मागच्या अंगणात गेल्या.

मास्तर फाटकाची कडी लावत तिथेच उभे राहिले. आत्ता सांगायला हवं होतं. आत्ताही सांगता आलं असतं. चार पावलं चालून गेलं की झालं.

आदल्या संध्याकाळी तिच्या फोनवर बाईंचा निरोप आला होता. तिचा फोन मास्तर अजून चार्जिंगला लावत. 'काकू, उद्या सकाळी येते. ठरल्याप्रमाणेच ना?' उन्हाळ्यात बाईंच्या हातात दुसरी कामं होती, म्हणून त्यांनी आताची तारीख दिली होती. ती तारीख मास्तर पार विसरून गेले होते. बराच वेळ त्यांनी फोनकडे पाहिलं आणि मग एका बोटाने लिहिलं, 'हो.' तसं लिहिलं नसतं तर दुसरं काहीतरी लिहावं लागलं असतं. आणि ते दुसरं वाक्य मास्तरांनी आजवर कुणालाच लिहिलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. हॉस्पिटलच्या पायरीवर उभं राहून सगळ्यांना फोन केले ते धाकटीने, म्हणजे तिच्या बहिणीने. शेजाऱ्यांना तिनेच सांगितलं. मास्तरांच्या शिंपीकामाच्या दुकानात गिऱ्हाइकं आली ती ऐकूनच आली. तेव्हापासून दुकानात सगळे हळू बोलत. माप देताना श्वास रोखून उभे राहत, जणू मास्तरांना धक्का लागला तर ते फुटतील.

मागे खुंटी ठोकल्याचा दबका आवाज आला. बाईंनी हातोडीला फडकं गुंडाळलं होतं. काकूंची झोप मोडू नये म्हणून.

मास्तर मागे गेले आणि दोरीचं दुसरं टोक धरून उभे राहिले.

*

ती जन्माची डावखुरी. शाळेत तिने डाव्या हातावर पट्ट्या खाल्ल्या, आणि शेवटी मुकाट उजव्या हाताने लिहायला शिकली. पुढे नोकरी लागली ती बसस्थानकावर, तिकीट खिडकीत. काचेला खाली अर्धगोल भोक, त्यातून पैसे आत आणि तिकीट बाहेर. उमेदीची सगळी वर्षं तिने त्या काचेच्या डब्यात घालवली. माणसं तिला चेहऱ्याने आठवत नसत, हातांनी आठवत. "आज तो नखं खाणारा आला होता," असं ती घरी येऊन सांगायची. मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी मास्तर काज करायचे आणि ती समोर बसून दिवसभराचे हात सांगायची.

नोकरीची शेवटची दोन-तीन वर्षं उरली असताना ऑफिसातली मंडळी सहलीला म्हणून गोल्फच्या मैदानावर गेली. तिथे ज्याला त्याला हौस म्हणून चार चेंडू मारू देत होते. हिने काठी हातात धरली, उलटीसुलटी करून पाहिली आणि परत ठेवली. शिकवणाऱ्या माणसाने विचारलं, "बाई, डावखुऱ्या का?" ही चोरी पकडल्यासारखी 'हो' म्हणाली. तो आत गेला आणि शोधून शोधून एक धुळकट काठी घेऊन आला. डाव्या हाताची. हिने ती धरली आणि मारली. चेंडू कुठे गेला ते कुणाला दिसलंच नाही.

"अहो मास्तर," घरी येऊन ती म्हणाली, "डाव्या हाताची काठी मिळते!" गोल्फबद्दल एक अक्षर नाही. नुसतं एवढंच, दिवसभर.

मग दर सुट्टीला ती मैदानावर. मास्तरांना त्या खेळातलं काही कळत नसे, पण ते सोबत जात, बाकावर बसून बघत. तिच्यासाठी त्यांनी पँटी शिवल्या, खांद्यात मोकळे कोट शिवले. एवढ्या उघड्या हिरव्या जागेत ती चालायला लागली की मास्तरांना वाटायचं, ही बाई इतकी वर्षं त्या डब्यात मावली कशी?

मग फुप्फुसांच्या दुखण्याने तिला धरलं. आधी चढावर दम लागायला लागला, मग सपाटीवर. गार वारा लागला की खोकला सुरू, तो थांबायचं नाव घेत नसे. डॉक्टरांनी मैदान बंद केलं. चार दिवस ती कुणाशी बोलली नाही. पाचव्या दिवशी सकाळी म्हणाली, "मास्तर, मैदान घरी आणता येतं."

तिने सगळी माहिती काढली होती. बंद खोली. एका टोकाला जाड पडदा, त्यावर मैदानाचं चित्र. समोर उभं राहून खरा चेंडू खऱ्या काठीने मारायचा. तो पडद्यावर आदळून खाली पडतो, पण यंत्राने त्याचा वेग नि दिशा मोजलेली असते, त्या हिशेबाने चित्रातला चेंडू पुढे उडत जातो.

"म्हणजे चेंडू कुठेच जात नाही," मास्तर म्हणाले.

"जातो की. आपण जात नाही."

पहिला प्रयोग दिवाणखान्यात झाला. काठी पुरेशी वर जाते का ते बघायला तिने सगळ्या ताकदीनिशी हात फिरवला आणि छतावरच्या दिव्याचे तुकडे झाले. अंधारात दोघं उभे. मग ती हसायला लागली, हसता हसता खोकायला लागली, आणि खोकल्यामधून म्हणाली, "मास्तर, छत आखूड पडतंय हो. उसवून वाढवता येईल?"

म्हणून मग मागच्या अंगणातली खोली. कंत्राटदार बाई दोनदा येऊन बघून गेल्या होत्या. कुंपणाजवळ उंच बांधायला परवानगी मिळत नव्हती, तेव्हा खाली खणून उंची मिळवायची, दोन पायऱ्या उतरून आत जायचं असं ठरलं. बाई म्हणाल्या होत्या, "बहुतेक लोक उभं राहायची जागा मधोमध ठेवतात. म्हणजे उजवेही खेळतील आणि डावखुरेही."

"मधोमध कशाला?" ती म्हणाली होती. "उजव्यांना सगळ्या जगात जागा आहे. ही माझी एकटीची खोली. माझ्या बाजूने करा."

*

"दार इकडेच ना, काका?"

"इकडेच. खेळणाऱ्याच्या पाठीमागून आत येता आलं पाहिजे, म्हणाली होती. नाहीतर मी चहा घेऊन जाईन आणि काठी खाईन."

बाई हसल्या. "आणि बाक?"

"दाराला लागून. माझ्यासाठी."

"काकूंनी सगळं पाठ करून घेतलंय तुमच्याकडून."

मास्तरही हसले. सगळी उत्तरं त्यांना येत होती. पायरी किती उंच, तिला चढताना किती जमतं. दिव्याचं बटण कुठल्या हाताला. बाई विचारत होत्या, 'काकूंना काय आवडेल', 'काकूंना त्रास नाही ना होणार', आणि मास्तर सांगत होते. बोलता बोलता मध्येच ते घराच्या खिडकीकडे बघत, मोठ्याने बोलल्याबद्दल अपराधी वाटून.

"एक राहिलंय," बाई म्हणाल्या. "मागच्या वेळी काकूंना दम लागला होता म्हणून माप घेतलं नव्हतं. काठी वर नेल्यावर टोक कुठवर जातं ते बघितल्याशिवाय किती खणायचं ते मी ठरवणार नाही. उठल्यावर दोन मिनिटं बोलवाल का त्यांना?"

"आज जमणार नाही तिला."

"मग?"

"मी उभा राहतो."

"अहो काका, तुम्ही खेळत नाही. आणि उजवे."

"उंचीला ती माझ्या कानापर्यंत येते," मास्तर म्हणाले. "मी गुडघ्यात वाकतो तेवढा. हातांची लांबी मला माहीत आहे. तीस वर्षं तिच्या बाह्या मीच कापतोय."

घरात कोपऱ्यातल्या पिशवीतून ते तिची लांब काठी घेऊन आले. दोरीच्या चौकटीत तिच्या जागेवर उभे राहिले. डावा हात खाली, उजवा वर. पहिल्यांदा अवघडल्यासारखं वाटलं, जसं दुसऱ्याच्या पायताणात पाय घातल्यावर वाटतं. मग त्यांना आठवलं, ती मागचा पाय दोनदा जमिनीवर घासायची, विडी विझवल्यासारखा. त्यांनी घासला. ती आधी चेंडूकडे बघायची नाही, लांब बघायची. त्यांनी कुंपणापलीकडे पाहिलं. मग ती मान खाली घालायची, श्वास पूर्ण सोडायची, आणि तो परत घ्यायच्या आत हात वर न्यायची.

मास्तरांनी हात वर नेले. कंबर वळली, खांदा हनुवटीखाली आला. काठी डोक्यावरून मागे गेली.

"थांबा, तसेच थांबा!" बाई स्टुलावर चढून टोकाला पट्टी लावत होत्या. "अरे बापरे. काकू इतक्या मागे नेतात?"

"बरी असताना न्यायची."

तोंडातून गेलं ते गेलं. पण बाईंना काही खटकलं नाही. "मग बरं असतानाचंच माप धरू," त्या स्टुलावरून उतरत म्हणाल्या. "उद्या ठणठणीत झाल्या आणि काठी छताला लागली तर मला शिव्या घालतील. चार बोटं जास्तच खणते."

मास्तर काठी खाली घेऊन तसेच उभे राहिले. शेवटच्या वर्षात ती वाळत गेली तशा त्यांनी तिच्या पँटी दोनदा आत घेतल्या होत्या. दुसऱ्यांदा घेताना शिवणीत इतकं कापड गोळा झालं की बसताना तिला टोचायचं. "कापून का टाकत नाही जास्तीचं?" तिने विचारलं होतं. मास्तर म्हणाले होते, "पुन्हा बाहेर सोडावं लागेल ना." ती पँट घालून आरशासमोर उभी राहिली होती फक्त.

*

मशीन आलं. छोटंच होतं, पण घराच्या कडेने आत येताना खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मशीनवाला जाडजूड, अबोल माणूस. मातीचा पहिला घास उचलला गेला आणि खालची काळी, ओली जमीन दिसली.

मास्तरांनी चहा केला. बाई खड्ड्याच्या कडेला पाय सोडून बसल्या आणि मशीनच्या आवाजावर आवाज चढवून बोलू लागल्या.

"काकूंनी मला एकदा काय झापलंय म्हणून सांगू! मी म्हटलं, सध्या लोक अशा खोलीत एक छोटा बार पण करून घेतात, मित्रमंडळी येतात. तर म्हणाल्या, अगं, मला श्वास पुरत नाही आणि तू पाहुणे कुठे बोलावतेस?"

मास्तर पोट धरून हसले. "अस्संच बोलते ती."

"आणि भांडायच्या आधी सॉरी म्हणतात!"

"आधी. नेहमी आधी. मग भांडते."

किती दिवसांनी त्यांना भूक लागली होती. चहाबरोबर त्यांनी बिस्किटं खाल्ली, बाईंनाही आग्रह केला. ऊन अंगावर येत होतं. मशीनवाला माती एका बाजूला रचत होता आणि खड्ड्याला हळूहळू खोलीचा आकार येत होता. मास्तरांना ती खोली दिसायला लागली होती. पाठमोरी ती, दाराशी आपण, आणि पुढे ते खोटं हिरवं मैदान.

बाईंनी पिशवीतून कापडाचे दोन तुकडे काढले. "बाजूच्या भिंतींना जाड कापड लावायचंय. चेंडू चुकून तिकडे गेला तर उसळी मारून अंगावर यायला नको. गडद लागतं, नाहीतर पडद्यावरचा उजेड परततो. हिरवा किंवा करडा. जरा काकूंना दाखवून आणा ना. एवढ्या गोंगाटात काही झोपल्या नसतील आता."

"हो," मास्तर म्हणाले. "आणतो विचारून."

दोन्ही तुकडे घेऊन ते घरात गेले. स्वयंपाकघर ओलांडून आतल्या खोलीत. पलंगावर गादी नव्हती, धाकटीने ती उन्हाला टाकून गुंडाळून ठेवली होती. नुसत्या फळ्या. मास्तर खिडकीशी गेले, तुकडे उजेडात धरले. कापड चांगलं होतं, विणही घट्ट.

"हिरवा की करडा?" त्यांनी विचारलं.

बाहेर मशीन घरघरत होतं.

ती हिरवा म्हणाली असती. मैदान हिरवं. पण मग ती असंही म्हणाली असती की अहो, भिंतीच हिरव्या केल्या तर पडद्यावरचं मैदान कुठे उठून दिसेल? तर करडा. पण करडा म्हणजे तिकीट खिडकीचा रंग. तिथल्या भिंती करड्या होत्या, ती त्या रंगाला कावायची. तर हिरवा. पण कधी काय आवडेल त्याचा नेम कुठे होता तिचा? स्वयंपाकघराला पिवळा लावला तेव्हा मास्तर शपथेवर सांगत होते, तिला पांढराच हवा असणार.

दार, बाक, पायरी, बटण, सकाळपासून दिलेली सगळी उत्तरं तिची होती. ती बोलून गेली होती, म्हणून मास्तरांना येत होती. हे ती बोलली नव्हती. आणि हे आता कुणालाच कधी विचारता येणार नव्हतं.

दोन महिने ते या खोलीत येत-जात होते. ती इथे नाही हे त्यांना आत्ता कळलं.

ते फळ्यांच्या कडेवर बसले. मांडीवर दोन तुकडे, एक हिरवा, एक करडा.

*

पावलं वाजली. धाकटी दारात उभी होती, हातात डबा. रोज दुपारी ती जेवण आणायची आणि रोज तेच म्हणायची, ताईचे कपडे कुणाला तरी देऊन टाका भाऊजी, कपाट मोकळं करा. फटकळ बाई. कुणाची भीड ठेवायची नाही.

आज तिचा चेहरा भलताच दिसत होता.

"भाऊजी," ती म्हणाली, "बाहेर ती बाई विचारतेय, ताई उठली का म्हणून."

मास्तरांनी वर पाहिलं. "काय सांगितलंस?"

धाकटीचे ओठ हलले. "म्हटलं... म्हटलं, बघते हं." आणि ती डबा तसाच छातीशी धरून भिंतीला टेकली, घसरत खाली बसली. "मला नाही सांगता आलं हो. इतकं सहज विचारलं तिने. मी सगळ्यांना सांगितलं, एकेकाला फोन करून सांगितलं, आणि आज मला..."

ती रडली. त्या दिवशी हॉस्पिटलात रडली नव्हती, नंतरही कुणाला रडताना दिसली नव्हती. मास्तर तिच्याजवळ जाऊन उकिडवे बसले. काय करावं ते न सुचून त्यांनी तिच्या हातातला डबा काढून बाजूला ठेवला.

"एक विचारू?" थोड्या वेळाने ते म्हणाले. त्यांनी तुकडे पुढे धरले. "हिला कुठला आवडला असता?"

धाकटीने डोळे पुसून पाहिलं. हात लावला. बराच वेळ पाहिलं.

"नाही माहीत," ती म्हणाली.

"मलाही नाही."

मास्तर उठले. आरशात न बघता त्यांनी सदरा खाली ओढून नीट केला, गिऱ्हाईक आल्यावर करत तसा, आणि बाहेर गेले.

"बाई, मशीन जरा बंद करायला सांगा."

बाईंनी हात वर केला. मशीन थांबलं. एकदम इतकं शांत झालं की कुंपणापलीकडे कुणाच्या तरी घरातलं भांडं वाजलेलं ऐकू आलं.

"ती झोपलेली नाही," मास्तर म्हणाले. "ती वारली. दोन महिने झाले."

बाईंचा हात वरच राहिला. मशीनवाल्याने डोक्यावरचं हेल्मेट काढलं.

"सकाळी मी खोटं बोललो. काल फोनवर 'हो' लिहिलं ते पण मीच."

"काका..." बाईंनी हात खाली घेतला. "आणि मी सकाळपासून... काकू असं करतील, काकू तसं म्हणतील... मी काय काय बोलले!"

"तेच तर," मास्तर म्हणाले. "तुम्ही फाटकातून आत येताना विचारलंत ना, उठल्या नाहीत का अजून? दोन महिन्यांत तिच्याबद्दल असं कुणी विचारलं नव्हतं. लोक येतात, फार चांगली होती म्हणतात. होती, होती. तुम्ही म्हणालात, उठल्या का. मला वाटलं, चालू दे. दुपारपर्यंत चालू दे."

बाई मातीच्या ढिगावर बसल्या. हातमोज्यानेच त्यांनी डोळे पुसले, आणि गालावर चिखलाचा पट्टा उमटला. धाकटी मागच्या दारात येऊन उभी राहिली होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सगळे खड्ड्याकडे बघत होते.

"बांधूनच घ्या की भाऊजी," शेवटी धाकटी म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा खणखणीत करायचा प्रयत्न होता. "एवढं खणलंय. शिलाई मशीन ठेवा तिथे. उजेड येईल असं करू, खिडक्या काढू मोठ्या."

बाईंनीही मान हलवली. "होईल तसं, काका. मी नवीन आखून देईन."

मास्तर खड्ड्याच्या कडेला गेले. खाली एका बाजूला बाईंनी चुन्याने एक फुली केलेली होती. तिची उभं राहायची जागा.

"नको," ते म्हणाले. "हे तिच्या मापाने बेतलंय. मी त्यात कसा बसणार?"

"मग बुजवू?"

"बुजवा."

*

खणायला जेवढा वेळ लागला होता त्याच्या निम्माही बुजवायला लागला नाही. पण सगळी माती परत आत जाईना. मशीनवाल्याने दाबून पाहिलं, पसरून पाहिलं, तरी मधे उंचवटा राहिलाच. "बसेल हळूहळू," तो म्हणाला. दिवसभरात तो एवढंच बोलला.

जाताना बाईंनी खुंट्या गोळा केल्या, दोरी गुंडाळली. फाटकाशी त्या थबकल्या. कापडाचे तुकडे अजून मास्तरांच्या हातात होते ते त्यांनी परत घेतले.

"मला विचारलं असतं तर मी करडा सांगितला असता," त्या म्हणाल्या. "चेंडू नीट दिसतो."

"तिने ऐकलं असतं?"

"छे," बाई म्हणाल्या. "आधी सॉरी म्हणाल्या असत्या."

धाकटीने त्या दुपारी कपाटाचा विषय काढला नाही. दोघांनी स्वयंपाकघरात बसून डब्यातलं सूप गरम करून प्यायलं, आणि ती भांडी घासून गेली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी दुकान उघडलं नाही. बायकोने पडदा मागवून ठेवला होता, तो नको म्हणून सांगायला ते बसने शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले. खेळाच्या सामानाचं लांबुळकं दुकान. आत काउंटरमागे चाळिशीचा एक चष्मेवाला माणूस बूट पुसत होता.

"बोला काका."

मास्तर काउंटरपाशी गेले. वाटेत बसमध्ये त्यांनी हे वाक्य मनात अनेकदा म्हणून पाहिलं होतं. आता ते तसंच आलं, वाकडं न होता.

"माझ्या बायकोने तुमच्याकडे गोल्फच्या खोलीचा पडदा सांगून ठेवला होता. ती वारली. तो पडदा नको, हे सांगायला आलोय."

माणसाच्या हातातलं फडकं थांबलं. "त्या... डावखुऱ्या मॅडम?"

"हो."

"त्या फोनवरच्या?" त्याने बूट खाली ठेवला. "अरेरे. काका, मी त्यांना कधी पाहिलंही नाही हो. फोनवरच बोलायचो आम्ही. आठवड्यातून दोन-दोनदा. हसायच्या आणि हसता हसता खोकायला लागायच्या. मी म्हणायचो, मॅडम, पाणी प्या, मी थांबतो. मग मी फोन कानाला लावून थांबायचो. काम असलं तरी ठेवावासा वाटायचा नाही."

मास्तरांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

"पडद्याचं मी बघतो, तुम्ही काळजी करू नका," तो माणूस म्हणाला. थोडा घुटमळला. "आणखी काही, काका?"

"काय बोलायची?" मास्तरांनी विचारलं. "पडद्याबद्दल एवढं काय बोलायची ती?"

"पडद्याबद्दल कुठलं? पडद्याचं पहिल्याच दिवशी ठरलं होतं." त्याने काउंटरची फळी वर उचलली आणि आतलं स्टूल बाहेर सरकवलं. "बसा ना. सांगतो."

मास्तर बसले. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली आणि एक कान त्याच्याकडे करून ऐकू लागले.